अरबी संगीताचा अभ्यास आणि समाज

संगीताचा अभ्यास म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा दोन शब्दांत दिले जाते : राग आणि ताल. आरोह-अवरोह, वादी-संवादी, मात्रा आणि खंड यांची कोष्टके मुखोद्गत झाली म्हणजे विषय आला, असा समज विद्यार्थ्यांत आणि पालकांतही दृढ झालेला दिसतो. हा समज अपुरा आहे. इतकेच नव्हे, तर समाजातील संगीताचे खरे स्थान तो दृष्टिआड करतो, असे आमचे मत आहे. ते मांडण्यासाठी आम्ही मुद्दाम आपल्या देशाबाहेरचे उदाहरण घेत आहोत. ते उदाहरण अरबी संगीताचे होय.

मराठी शाळेच्या वार्षिकात अरबी संगीताची चर्चा कशासाठी, अशी शंका कोणी काढील. तिचे निरसन आपली भाषाच करते. गाण्याच्या बैठकीला आपण 'मैफल' म्हणतो. डफावर थाप मारून पोवाडा गाणाऱ्याला 'शाहीर' म्हणतो. 'ख्याल' ऐकतो, देवळात 'नगारा' वाजवतो, आणि राजवाड्याच्या दारी पूर्वी 'नौबत' झडत असे. मैफल, डफ, शाहीर, ख्याल, नगारा, नौबत आणि 'तबला' हे नावदेखील मूळच्या अरबी शब्दांपासून आलेले आहे. शब्द आले म्हणून संगीतही तेथूनच आले, असे मात्र कोणी समजू नये. ख्याल आपला आहे, तबल्याचे बोल आपले आहेत. तथापि ज्यांची नावे आपण नित्य उच्चारतो, त्या लोकांच्या गाण्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसावे, हे योग्य नव्हे.

प्रथम या संगीताचे स्वरूप थोडक्यात पाहू. आपल्याकडे जसा राग, तसा तेथे 'मकाम'. रास्त, बयाती, हिजाज, सबा, नहावंद अशी मकामांची नावे आहेत. मकाम म्हणजे केवळ स्वरांची पायरी नव्हे. कोठून आरंभ करावा, कोणत्या स्वरावर विसावावे, दुसऱ्या मकामात कसे जावे आणि परत कसे यावे, हे सर्व त्यात येते. रास्त मकामातील गांधार आपल्या कोमल आणि शुद्ध गांधारांच्या मधोमध कोठेतरी लागतो. तो नेमका कोठे, याविषयी कैरो, हलब आणि इस्तंबूल येथील गवयांचे कान एकमत नाहीत. 'ऊद' हे त्यांचे प्रमुख तंतुवाद्य. त्याला पडदे नसतात, म्हणून असे अधलेमधले स्वर बोटाने सहज निघतात. मांडीवर किंवा चौरंगावर ठेवून वाजवायचे अनेक तारांचे 'कानून', बोरूची बासरी 'नाय', व्हायोलिन आणि झांजा लावलेली लहान डफली 'रिक्क', इतकी वाद्ये एकत्र आली की जुन्या पद्धतीचा वाद्यमेळ पूर्ण होतो. त्याला ते 'तख्त' म्हणतात; शब्द आपल्या ओळखीचाच आहे.

तालाला तेथे 'ईका' म्हणतात, आणि आपल्या धा-तिंप्रमाणे त्यांचे 'दुम' आणि 'तक' असे बोल आहेत. त्यांच्या 'समाई सकील' या तालाच्या मात्रा दहा, आपल्या झपतालाही दहाच. विभागणी मात्र निराळी. एकट्या वाद्यावर मकामाचा जो मुक्त विस्तार करतात, त्याला 'तकसीम' हे नाव आहे, आणि आलाप ऐकलेल्या कानाला तो परका वाटत नाही. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया या पश्चिमेकडील देशांत अंदलूसमधून, म्हणजे मुसलमानी अंमलातील स्पेनमधून, आलेली 'नूबा' नावाची प्रदीर्घ गीतमाला गातात. नूबा आणि आपली नौबत हा मुळात एकच अरबी शब्द असून त्याचा अर्थ 'पाळी' असा आहे. एकेकाळी चोवीस नूबा होत्या आणि दिवसाच्या प्रत्येक तासाला एकेक नेमून दिलेली होती, अशी तेथील परंपरा सांगते. मोरोक्कोत त्यांपैकी अकरा शिल्लक राहिल्या आहेत.

आता अभ्यासाकडे वळू. या संगीताचा शास्त्रशुद्ध अभ्यास फार जुना आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-किंदी या तत्त्वज्ञाने ऊदाच्या तारांवरून स्वरांची मोजणी मांडली. ९५० साली निधन पावलेल्या अल्-फाराबीने संगीतावर एक प्रचंड ग्रंथ लिहिला, आणि तो 'संगीताचा महाग्रंथ' याच अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. १२५८ साली मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले, त्या संहारातून सफी अल्-दीन अल्-उर्मवी हा संगीतज्ञ वाचला. सप्तकाचे सतरा भाग कल्पून त्याने केलेली मांडणी पुढील कित्येक पिढ्यांनी प्रमाण मानली. हे झाले मोजमापाचे ग्रंथ.

परंतु दहाव्या शतकातच अबुल फरज अल्-इस्फहानी याने अगदी निराळ्या प्रकारचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे नाव 'किताब अल्-अगानी', म्हणजे गीतांचा ग्रंथ. छापील स्वरूपात त्याचे वीसहून अधिक खंड भरतात. गीत कोणाचे, चाल कोणी बांधली, ते कोणासमोर गायले गेले, ऐकून कोण रडले, कोणी बक्षीस दिले, कोणी निंदा केली, हे सर्व त्यात आहे. त्या काळच्या बगदादमधील कित्येक श्रेष्ठ गायिका विकत घेतलेल्या दासी होत्या, हे कटू सत्यही त्यातून आपल्याला कळते. गीताबरोबर चाल आणि ताल यांची नावेही ग्रंथकाराने टिपून ठेवली आहेत. आज ती नावे आपण वाचू शकतो, पण त्या चाली कोणालाही गाता येत नाहीत. ज्या तोंडांनी त्या गायल्या आणि ज्या कानांनी त्या जपल्या, ती परंपरा खंडित झाली. संज्ञा राहिल्या आणि स्वर गेला. संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे, असे आम्हांस वाटते.

संगीत समाजात असावे की नसावे, असाही वाद तेथे शतकानुशतके चालला. काही धर्मशास्त्र्यांनी वाद्ये आणि गाणे निषिद्ध मानली. उलट अल्-गझाली (१०५८-११११) या थोर आचार्यांनी गीतश्रवणावर स्वतंत्र प्रकरण लिहून सांगितले की, स्थळ, काळ, सोबत आणि ऐकणाराचे मन पाहून निर्णय करावा. कुराणाच्या पठणाला तर संगीत म्हणण्याचीच प्रथा नाही. तरीही निष्णात पाठक मकामांच्याच आधाराने पठण करतात, आणि अनेक मोठ्या गायकांचा आवाज व उच्चार प्रथम याच शिक्षणातून घडला. म्हणजे एकाच समाजात निषेधही होता आणि जोपासनाही होती. केवळ स्वरांची कोष्टके वाचणाऱ्याला हा ताण कधी कळणार नाही.

या सर्व प्रश्नांची कसोटी लागली ती १९३२ साली कैरो येथे. ईजिप्तचे राजे पहिले फुआद यांच्या आश्रयाने त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये अरबी संगीताची परिषद भरली. इराक, सीरिया, ट्युनिशिया, अल्जीरिया, मोरोक्को, तुर्कस्तान येथून मंडळी आली. युरोपातून बेला बार्तोक आणि पाउल हिंडेमिट हे रचनाकार आणि कुर्ट झाक्स, होर्नबोस्टल, रॉबर्ट लाखमन, हेन्री फार्मर हे अभ्यासक आले.

आपल्या या बडोदे नगरीला असा प्रसंग नवीन नव्हता, हे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. मौलाबक्षांनी १८८६ साली जेथे गायनशाळा चालू केली, त्याच बडोद्यात १९१६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद भरली होती. दोन्ही परिषदांपुढील प्रश्नांत विलक्षण साम्य आहे. येथे श्रुतींची चर्चा झाली, तेथे पाव स्वरांची. येथे स्वरलेखनाचा आणि संगीतशिक्षणाचा विचार झाला, तेथेही झाला. पेटीवरून आपल्याकडे जो वाद माजला आणि ज्यापायी १९४० पासून अनेक वर्षे नभोवाणीवर पेटीला बंदी होती, तोच वाद कैरोला पियानोवरून झाला.

कैरोचा वाद समजून घेण्याजोगा आहे. सप्तकाचे चोवीस समान भाग करावेत, म्हणजे सर्व देशांत एकच मोजमाप चालेल, वाद्ये एकसारखी बनतील आणि शाळांत शिकवणे सोपे होईल, असे एका पक्षाचे म्हणणे होते. दुसरा पक्ष म्हणे की, आमच्या गवयाचा स्वर या खणांत बसत नाही. मोजण्या झाल्या, कानांनी परीक्षा झाली, पण एकमत काही झाले नाही. अनेक ईजिप्शियन सभासदांना पियानो आणि पाश्चात्य वाद्ये हवी होती, कारण त्यांना आपले संगीत जगाबरोबर पुढे न्यावयाचे होते. आणि कित्येक युरोपीय पंडितच त्यांना सांगत होते की, तुमची जुनी वाद्ये सोडू नका. या पंडितांचा हेतू चांगला होता, हे आम्ही मान्य करतो. परंतु स्वतःच्या देशात नवी रचना करणाऱ्यांनी दुसऱ्याला जुन्यातच राहावयास सांगावे, हे ईजिप्शियनांना रुचले नाही, यातही नवल नाही. समाज आपले संगीत बदलतो. तो त्याचा अधिकार आहे. बदलताना काय गमावले जाते, हे त्याला कळत असावे, इतकीच अभ्यासकाची जबाबदारी.

ठरावांपेक्षा या परिषदेचे चिरस्थायी कार्य निराळेच ठरले. लाखमन यांच्या देखरेखीखाली जमलेल्या गायक-वादकांचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. त्या शंभराहून अधिक तबकड्या आज उपलब्ध आहेत आणि २०१५ साली त्यांचा संपूर्ण संच फ्रान्समधून प्रसिद्ध झाला. इराकच्या मेळात गायक महंमद अल्-कुब्बांजी हे मुसलमान होते, आणि त्यांच्याबरोबरचे बहुतेक वादक बगदादचे यहुदी होते. इराकी मकामाची साथसंगत त्या काळी बहुतांशी यहुदी वादकांच्याच हाती असे. पुढे १९५० आणि १९५१ या दोन वर्षांत इराकमधील एक लाखाहून अधिक यहुदी देश सोडून गेले. बगदाद नभोवाणीचा वाद्यमेळ उभारणारे सालेह अल्-कुवैती आणि त्यांचे बंधू दाऊद हेही त्यांत होते. त्यांनी बांधलेल्या चाली बगदादमध्ये वाजतच राहिल्या. मात्र नभोवाणीवरून त्यांची नावे घेतली जाईनात. आणि कैरोला दुसऱ्यांचे संगीत जपण्यासाठी गेलेल्या झाक्स, होर्नबोस्टल व लाखमन यांनाही जर्मनीत नाझींचे राज्य येताच यहुदी वंशापायी आपल्या जागा आणि आपला देश सोडावा लागला.

येथे आमच्या मताचा गाभा आहे. मकामाचे नियम १९५१ नंतरही तेच होते. ग्रंथ होते, वाद्येही होती. पण एका धर्माचा गायक आणि दुसऱ्या धर्माचे वादक एका तख्तावर बसत, आणि दोहोंचे शेजारी ऐकावयास जमत, ती व्यवस्था मोडली. संगीत टिकते ते अशा व्यवस्थेवर. नियम हे तिचे साहाय्यक आहेत, तिच्या जागी ते बसू शकत नाहीत. म्हणून संगीताच्या अभ्यासात समाजाचा अभ्यास हा जोडविषय नसून तो त्याचा पायाच आहे.

अरबी समाजात संगीत किती ठिकाणी काम करीत आले आहे, हे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. बहारीन आणि कुवेत येथे मोती काढणाऱ्या गलबतांवर 'नह्हाम' नावाचा गायक मुद्दाम नेमलेला असे. शीड चढवणे, वल्ही मारणे, नांगर उचलणे या प्रत्येक कामाचे गाणे वेगळे. या मोत्यांचा मोठा व्यापार आपल्या मुंबईच्या बाजाराशी होता. १९३० नंतर जपानी संवर्धित मोत्यांमुळे आणि जागतिक मंदीमुळे तो धंदा बसला, पाठोपाठ खनिज तेल सापडले, आणि गलबतांबरोबर गाण्याचे कामही संपले. बहारीनमधील 'फिजेरी' ही त्या गाण्यांची परंपरा आता किनाऱ्यावरच्या मंडळ्यांनी सांभाळली असून २०२१ साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

अलेक्झांड्रियाचे सय्यद दर्विश (१८९२-१९२३) तरुणपणी बांधकामावर मजुरी करीत आणि सोबत्यांना गाणी ऐकवीत. त्यांनी हमाल, नावाडी, कारागीर यांच्या बोलीतली गीते रंगभूमीवर आणली. ईजिप्तच्या १९१९ च्या उठावात त्यांची गाणी रस्त्यारस्त्यांत गायली गेली, आणि त्यांच्याच चालीवरचे गीत १९७९ साली ईजिप्तचे राष्ट्रगीत झाले. तो मान पाहावयास ते हयात नव्हते. वयाच्या एकतिसाव्या वर्षीच त्यांचे निधन झाले होते.

उम्म कुलसूम यांचे नाव तर सर्व अरब देशांत घरोघरी आहे. खेड्यातल्या मशिदीच्या इमामाची ही कन्या मुलाचा वेष घालून वडिलांबरोबर लग्नांत आणि उत्सवांत धार्मिक गीते गात असे. १९३४ साली ईजिप्तची नभोवाणी सुरू झाल्यावर त्यांच्या मासिक मैफली प्रक्षेपित होऊ लागल्या, आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अनेक देशांतले लोक रेडिओभोवती गोळा होऊ लागले. त्यांचे एकेक गीत तासभरही चाले. कारण असे की, एखादी ओळ श्रोत्यांच्या मनाला भिडली की ते ती पुन्हा मागत आणि त्या ती पुन्हा नव्या रीतीने गात. या तन्मयतेला अरबीत 'तरब' म्हणतात. गवयाला 'मुतरिब', म्हणजे तरब घडवून आणणारा. आणि जाणकार श्रोत्यांनाही स्वतंत्र नाव आहे, 'सम्मीआ'. तरब एकट्या गवयाच्या हाती नसतो. लेबनॉनचे अभ्यासक अली जिहाद रासी यांनी २००३ सालच्या आपल्या ग्रंथात हेच सविस्तर दाखविले आहे की, गवई आणि श्रोते एकमेकांना चढवीत नेतात. आपल्या मैफलीत योग्य जागी आलेली दाद गवयाला कोठवर नेते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. संगीत समाजाला जोडते तसे ते सत्तेच्याही उपयोगी पडते. नभोवाणी सरकारची होती, आणि १९५२ च्या क्रांतीनंतर उम्म कुलसूम यांनी नव्या राजवटीची गौरवगीतेही गायली. हे खरे आहे. ते लपविण्याचे कारण नाही. परंतु १९६७ च्या पराभवानंतर त्यांनी देशोदेशी मैफली करून मिळालेला पैसा राष्ट्राला दिला, आणि १९७५ साली त्या वारल्या तेव्हा कैरोच्या रस्त्यांत लाखो लोक लोटले. ही माणसे आज्ञेने आलेली नव्हती. लेबनॉनच्या फैरूझ यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. १९७५ ते १९९० पर्यंतच्या यादवीत त्या देश सोडून गेल्या नाहीत आणि कोणत्याही पक्षासाठी गायल्याही नाहीत. लढणाऱ्या सर्व बाजूंचे लोक त्यांच्या तबकड्या ऐकत होते. युद्धानंतर १९९४ साली त्या बैरूतच्या मध्यभागी गायल्या. गाणे कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न दोघींच्या बाबतीत विचारावा लागतो. मात्र त्याचे उत्तर स्वरांच्या कोष्टकात नाही.

याचा अर्थ शास्त्र टाकून द्यावे असा मुळीच नाही. किंदी, फाराबी, सफी अल्-दीन यांनी मोजले नसते तर आज आपण फार दरिद्री असतो. भातखंड्यांनी बंदिशी मिळवून लिहून काढल्या नसत्या तर कित्येक चिजा घराण्यांतच विरून गेल्या असत्या. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. प्रथम ऐकावे, मग कोण गातो, कोणासाठी, कोणत्या प्रसंगी, हे विचारावे, आणि त्यानंतर स्वर व मात्रा मोजाव्यात. शाळेत बहुधा याच्या नेमके उलट चालते, आणि मग मुलांना संगीत म्हणजे आणखी एक पाठांतर वाटू लागते, यात त्यांचा दोष नाही.

आम्ही मराठी मंडळी महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आहोत, म्हणून हा विचार आम्हांला अधिक लागू पडतो. घरातील गाणी घराबाहेर ऐकू येत नाहीत अशा ठिकाणी ती एका पिढीत हरपू शकतात. आजीला येणारी जात्यावरची ओवी, कीर्तनातली साकी, लग्नातली मंगलाष्टके ही कोणत्या परीक्षेत येत नाहीत. विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीत घरातील एका वडीलधाऱ्या माणसाकडून एक गीत ऐका. शब्द लिहून घ्या, जमल्यास आवाज मुद्रित करा. आणि त्याखाली गाणाऱ्याचे नाव, गाव, ते गीत कोणाकडून मिळाले, कोणत्या कामाच्या वा सणाच्या वेळी म्हणत, आणि तेव्हा ऐकावयास कोण कोण असे, हेही टिपून ठेवा. शेजारी गुजराती किंवा मुसलमान कुटुंब असेल, तर त्यांचेही एक गीत त्याच वहीत येऊ द्या. पुढील वर्षी या वार्षिकात अशा वह्यांतील निवडक पाने छापता आली, तर आमच्या शाळेत संगीताचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला, असे आम्ही समजू.